छत्तीसला एक कमी

दिवाळी उलटून गेली तरी त्या वर्षी आभाळाची खोड जात नव्हती. भात पिवळंधमक होऊन माना टाकून उभं, आणि दुपार कलली की डोंगराकडून ढग निघालेच. पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढं, डोंगराच्या अगदी पायथ्याला असलेल्या त्या वाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कापलं तर भिजतंय, नाही कापलं तर लोळतंय. करायचं काय?

“करायचं काय म्हंजे? कापायचं!” गोदू म्हणाली आणि पदर खोचून सरळ शेतात उतरली.

गोदूचं सगळं असंच. बाकीच्या बायका आभाळाकडं बघत उभ्या राहायच्या, तोवर हिच्या चार मुठी कापून व्हायच्या. तोंडही विळ्याच्याच वेगानं चालायचं. नवरा भगवान तिच्या मानानं अगदीच गप्प. पण गप्प माणसाचा शब्द जड असतो, आणि भगवानला आपल्या शब्दाचा भारी अभिमान. एकदा बोलला की बोलला. देवानं हे दोन जिन्नस एका घरात का घातले हे दयाराम आजालाही सांगता आलं नसतं, आणि दयाराम आजाला वाडीतलं सगळं ठाऊक असायचं.

हा आजा सावडीचा म्होरक्या. वाडीतली पाच-सहा घरं सावडीनं कापणी करायची. आज सगळे याच्या शेतात, उद्या सगळे त्याच्या. मजुरी कोणी द्यायची नाही, कोणी घ्यायची नाही. तुमच्या घरचे जितके हात माझ्या शेतात राबले तितके मी तुमच्या शेतात फेडायचे. कोणाचा हात पुरा आणि कोणाचा अर्धा, हे आजा ठरवायचा. पोरंसोरं अर्धी. त्या वर्षी बांधावर तंबाखू मळत बसलेला आजा बराच वेळ एकीकडंच बघत राहिला आणि म्हणाला, “भगवान, तुझी पोर आता अर्धी नाय. पुरा हात धरतो मी तिचा.”

ही पोर म्हणजे पूर्वी. ती तेव्हा आठवीत होती. ऐकून लाजली, पण विळा काही थांबला नाही.

कापताना शेताच्या उभ्या पट्ट्या पाडतात. एकेकानं एकेक पट्टी घ्यायची आणि कापत पलीकडच्या बांधाला निघायचं. या पट्टीला म्हणायचं पात. आता यात वाडीचा एक रिवाज पक्का होता. ज्याची पात आधी सुटेल त्यानं बांधावर बूड टेकायचं नाही. मागं वळायचं, जो कोणी मागं पडला असेल त्याच्या पातीत समोरून शिरायचं आणि त्याला भेटेपर्यंत कापत यायचं. शेतातून बाहेर पडायचं ते सगळ्यांनी मिळून. गोदूनं लेकीच्या हातात पहिल्यांदा विळा दिला तेव्हा बोट कसं सांभाळायचं याच्याही आधी हे शिकवलं होतं. पूर्वीची पात लवकर सुटायची आणि ती वळायची ती बहुतेक वेणूच्या पातीत. वेणू म्हणजे बळीरामची पोरगी, पूर्वीच्याच वर्गातली. अंगानं किरकोळ, हातानं मंद, पण डोक्यानं चांगली आणि चिवट.

अशा ऐन कापणीत एके दिवशी बांधावर मोटारसायकल उभी राहिली. शाळेतले अवधूत सर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन सर चिखलातून आले.

“पूर्वीच्या आई, रविवारी दोघींना पनवेलला न्यायचंय. आठवीच्या स्कॉलरशिपची परीक्षा. पूर्वी आणि वेणू. वर्षभर मी यांची तयारी करून घेतलीय, आता खाडा नको.”

“कसली परीक्षा असती ती?” गोदूनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली.

“दोन पेपर. एक बुद्धिमत्तेचा, एक शाळेतल्या विषयांचा. नव्वद-नव्वद मार्कांचे. दोन्हीत वेगवेगळे छत्तीस तरी पडायलाच पाहिजेत, तो कट-ऑफ. तेवढे पडले की मग दोन्हींची बेरीज करून जिल्ह्याची लिस्ट लागते. लिस्टमध्ये नाव आलं की बारावीपर्यंत स्कॉलरशिप.”

“छत्तीस? नव्वदातले?” गोदू खळखळून हसली. “अवं सर, आमची पूर्वी छत्तीस झोपंत पाडंल!”

सगळे हसले. भगवानही मिशीत हसला. सरांनी मात्र पोरींना पुन्हा बजावलं. शेवटची पाच मिनिटं उरली की राहिलेले गोळे डोळे मिटून काळे करा, चुकलं तर मार्क कापत नाहीत, एखादा तरी लागतोच.

अडचण निघाली ती वेगळीच. रविवारी पाळी बळीरामच्या शेताची होती, आणि त्याचं शेत सगळ्यांत खोल. पाणी साचलं की तिथलंच भात पहिलं कुजणार. आजा डोकं खाजवत म्हणाला, “पूर्वीचा एक आन वेणूचा अर्धा, दीड हात कमी पडतो, गोदू. बळीरामचं पीक उघड्यावर हाय.”

“दीड हात मी भरते. पोरींना जाऊ द्या.”

“तू एकटी?”

“मग काय तुमाला उतरवू?”

आजा तंबाखू थुंकून हसला आणि विषय मिटला.

घरचा विषय मात्र तेवढ्यानं मिटणारा नव्हता. त्या संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट पुढं घेऊन बसलेला भगवान खाली मान घालून म्हणाला, “मी शेटच्या फार्महाऊसवर बोललोय. जूनपासून पूर्वी कामाला येईल.”

गोदूचा हात परातीतच राहिला. “कोणाला इचारून बोललात?”

“इचारायचं काय त्यात? आठवीच्या पुढं गावात शाळा नाय. पनवेलला रोज जायचं, यायचं. टमटमचं भाडं, वह्या, पुस्तकं, कपडे. एक भाताचं शेत आन तुझी भाजीची टोपली. कुठनं करायचं?”

“तिला स्कॉलरशिप मिळणार हाय.”

“मिळाली तर जाऊ दे की. मी काय दुश्मन हाय का पोरीचा?” भगवाननं पाणी प्यायलं आणि तांब्या खाली ठेवला. “यादीत नाव आलं तर पनवेल. नाय आलं तर फार्म. हा माझा शब्द.”

“घेतला शब्द,” गोदू म्हणाली. इतक्या ऐटीत म्हणाली की चुलीपुढं बसलेल्या पूर्वीनं मान वर करून आईकडं बघितलं.

रविवारी पोरी गेल्या. गोदूनं त्या दिवशी स्वतःची पात कापली आणि दोघी पोरींचीही. पाय पोटरीपर्यंत चिखलात, भाताच्या पात्यांनी कोपरापर्यंत ओरखडे उठलेले, घाम लागला की चरचरायचे. दुपारी गार वारा सुटला आणि बळीरामची बायको सुनंदा रडकुंडीला आली. “गोदू, आला गं पाऊस!”

“येऊ दे. तू भारे बांध. तोंडानं पाऊस थांबत असता तर मी कवाच थांबवला असता.”

कापलेलं भात उचलून सगळ्यांनी वरच्या कातळावर नेलं, भारे एकावर एक रचून उडवी घातली, वर पेंढा टाकला. शेवटचा भारा चढतोय तोवर पावसाची सर आलीच. त्यातच पोरी पोचल्या, भिजून चिंब. पूर्वीनं दप्तर झाडाखाली फेकलं आणि राहिलेला पेंढा उचलायला धावली.

“कसा गेला?” गोदूनं पावसातूनच ओरडून विचारलं.

“बरा.”

“बरा म्हंजे?”

“म्हंजे गेला, आई. धर ना पलीकडून!”

वेणू लांबच उभी राहून ओढणी पिळत होती. तिचं तोंड उतरलेलं होतं, पण भिजलेल्या पोरीचं तोंड उतरायचंच, असं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

बळीरामचं भात वाचलं, आणि गोदूच्या मनात त्या दिवसापासून पूर्वी पनवेलला जायला लागली. पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीत, टमटममध्ये, जिथं बसेल तिथं हिचं चालू. आमची पूर्वी जूनपासून पनवेलला. भात झोडून झालं, रिकाम्या शेतात वाल पेरला, वाल फुलला, शेंगा धरल्या, तरी तेच. वालाच्या शेंगांची टोपली डोक्यावर घेऊन ती पनवेलच्या बाजारात जायची आणि टोपली रिकामी झाली की हायस्कूलच्या फाटकापाशी उभी राहायची. एकदा तर तिनं वॉचमनलाच विचारलं, “नववीचा वर्ग कुठला हो?”

“कोणाला भेटायचंय?”

“आत्ता कोणाला नाय. जूनमधी भेटायला येईन.”

बाजाराच्या तोंडाशी अस्माचं कापडाचं दुकान. अस्मा दरवर्षी गोदूकडूनच वाल घ्यायची. शेंगा मोडून बघत ती म्हणाली, “युनिफॉर्मचं कापड आजच कशाला गं नेतेस? निकाल तर येऊ दे. इन्शाल्ला होईलच, पण कापड काय पळून चाललंय?”

“निकाल येईल तवा येईल. जूनमधी तुझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसती.”

“तुझा यकीन जबरदस्त आहे हां, गोदू!”

“मंग! पोर कोणाची हाय?”

कापड घरी आलं. भगवाननं ते पाहिलं, हात लावून पाहिलं आणि पेटीत ठेवलं. त्याच्याही मनात कुठंतरी आशा होती. पण ती बोलून दाखवली तर तो भगवान कसला?

निकाल आला तो राब भाजायच्या दिवसांत. जिथं भाताची रोपं करायची तेवढ्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत, वरून मातीचा हात फिरवायचा आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवून द्यायचं. ऊन वरून, जाळ खालून. भगवान लांब काठीनं जाळ आवरत होता. गोदू आणि सुनंदा ओला पाला हातात घेऊन कडेनं उभ्या, बांधाचं गवत पेटू नये म्हणून झोडत होत्या. दोघींची तोंडं राखेनं काळी झालेली. पूर्वी आणि वेणू पाण्याचे हंडे घेऊन येत होत्या, तेवढ्यात सरांची मोटारसायकल आली.

सर या खेपेला चपला काढायचंही विसरले. “वेणू, तुझं नाव आलं!”

सुनंदाच्या हातातला पाला खाली पडला. “आमच्या वेणूचं? सर, नीट बघा हो.”

“बघितलं. एकशे चार. लिस्टमध्ये आहे.”

“आन आमचं?” गोदूनं हसतच विचारलं. वेणूचं आलं म्हणजे पूर्वीचं वरच असणार, यात तिला शंका कसली?

सर पूर्वीकडं वळले. मग म्हणाले, “पूर्वीला शाळेच्या विषयांत अठ्ठ्याहत्तर पडलेत. आमच्या केंद्रातल्या कोणालाच तेवढे नाहीत.”

“बगा! म्हटलं नव्हतं?”

“पण बुद्धिमत्तेत पस्तीस.”

“मंग?”

“छत्तीस लागतात, पूर्वीच्या आई.”

जाळ फडफडत होता. गोदूला वाटलं आपल्याला धुरात नीट ऐकू आलं नाही. “सर, दोन्ही मिळून किती झालं?”

“एकशे तेरा.”

“आन वेणूचं एकशे चार. म्हंजे आमचं जास्त हाय.”

“जास्त आहे. पण एका पेपरात क्वालिफाय झाली नाही, तर बेरीज बघतच नाहीत.”

“मंग तिकडचा एक काढा आन इकडं टाका! अठ्ठ्याहत्तरचं सत्त्याहत्तर झालं तर आमी नाय रडणार!”

“तसं चालत नाही हो.”

“का नाय चालत? पोर तर एकच हाय ना? का दोन येगळ्या पोरी बसल्या व्हत्या पेपरला?”

भगवाननं काठी जमिनीवर टेकवली आणि हळू आवाजात म्हणाला, “छत्तीस झोपंत पाडंल म्हणालीस ना तू.”

एवढंच म्हणाला. पण सुनंदासमोर म्हणाला, सरांसमोर म्हणाला, आणि गोदूला जाळाची झळ लागावी तसं झालं. हातातल्या ओल्या पाल्यानं ती न पेटलेलं गवतही झोडत सुटली.

“पूर्वी,” सर म्हणाले, “तू एवढे प्रश्न कोरे का सोडलेस गं? निदान गोळे तरी भरायचे. एक लागला असता तरी झालं असतं.”

“येळ नाय पुरला, सर.”

“तुला? तुला वेळ पुरला नाही?”

तेव्हा वेणूनं हंडा खाली आपटला आणि भोकाड पसरलं. “माझ्यामुळं झालं! सर, तिचं नाय काय, माझ्यामुळं झालं!”

मग हुंदके देत देत तिनं सगळं सांगितलं. बुद्धिमत्तेच्या पेपरात वेणूनं एक प्रश्न सोडला होता, पण उत्तराच्या कागदावरची त्याची ओळ सोडायची राहिली. पेन्सिलीनं भरलेले पुढचे सगळे गोळे एक ओळ वर चढत गेले. पूर्वी शेजारच्या बाकावर. तिला ते दिसलं. तिनं आपला पेपर बाजूला ठेवला आणि वाकून वेणूच्या कागदावर बोट ठेवलं, “इथनं चुकलीस.” वेणू घाबरली, तिला खोडताही येईना. मग पूर्वीनंच तिच्या कागदावरचे गोळे खोडायला घेतले. वर्गावरच्या मॅडमनी पाहिलं. दोघी कॉपी करतायत म्हणून आधी पूर्वीचाच पेपर काढून घेतला, कारण हात तिचा दुसऱ्याच्या कागदावर होता. पूर्वी भिंतीला उभी राहिली. वेणूनं गोळे नीट केले, उत्तरं सगळी तिची तिचीच होती. मॅडमनी शेवटी पूर्वीला पेपर परत दिला तेव्हा घंटा व्हायलाच आली होती.

“तरी गोळे भरायचे होतेस ना!” सर कळवळून म्हणाले.

“सोडवत व्हते सर. येत व्हती सगळी,” पूर्वी म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, नुसती हळहळ होती.

गोदूनं लेकीचं मनगट धरलं आणि तरातरा घरी आणलं. दार लावलं आणि सुटली. “कोणी सांगितलं व्हतं तुला वळायला? परीक्षा काय सावड हाय? आन चार महिने तोंड शिवून बसलीस? मी गावभर नाचत फिरले, कापड आणलं, वॉचमनला इचारून आले, आन तू गप!”

“सांगितलं असतं आन बोभाटा झाला असता तर वेणूचं रद्द केलं असतं. मॅडम म्हणाल्या व्हत्या.”

“आन तुझं काय झालं?”

“तिची ओळ चुकली व्हती, आई. मला दिसत व्हतं. दिसल्यावर काय करू?” पूर्वी आईकडं सरळ बघत म्हणाली, “तूच सांगतेस ना, आपली पात सुटली की मागं वळ.”

“पण तुझी सुटली कुठं व्हती?”

“सुटली असती. मला वाटलं, सुटंल.”

गोदूनं हात उगारला आणि तो तसाच राहिला. पोरीचा राग आला होता. त्याहून जास्त स्वतःचा आला होता. आणि या दोन्ही रागांच्या खाली तिला पोरीचा अभिमान वाटत होता, त्याचा तर तिला सगळ्यांत जास्त संताप आला. ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. पूर्वी शेजारी बसून राहिली. राखेनं माखलेल्या आईच्या तोंडावर दोन स्वच्छ रेघा उमटल्या होत्या.

भगवानला गोदूनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. “पोर चांगलीच हाय,” म्हणाला, “पण यादीत नाव नाय. मी शब्द दिलाय.”

“शब्द मला दिलात का शेटला?”

“दोघांना दिला.”

मेच्या मध्यावर त्यानं पूर्वीला फार्महाऊसवर दाखवायला नेलं. गोदूही हट्टानं मागोमाग गेली. हिरवळ, पोहायचा तलाव, आणि जिथं आधी भगवानच्या चुलत्याचं शेत होतं तिथं गाड्या उभ्या करायची फरशी. केअरटेकरनं पूर्वीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, झाडू कुठं, फडकी कुठं ते सांगितलं. मग विचारलं, “नाव काय हिचं?”

“पूर्वी.”

“अरे! शेटच्या मुलीचं पण पूर्वी. हाक मारताना गोंधळ होणार.” त्यानं क्षणभर विचार केला. “इथं आपण तिला छोटी म्हणू. चालेल ना?”

पूर्वीनं बापाकडं बघितलं. भगवाननं मान हलवल्यासारखं केलं, पण परत येताना तो पुढं पुढं चालत राहिला. गोदूनं मात्र तिथंच मनाशी ठरवून टाकलं. तिची ऐट तिला त्या फरशीवर परत सापडली.

मेच्या शेवटाला दयाराम आजाच्या अंगणात सावडीची माणसं जमली. लावणीसाठी कोणाच्या घरचे किती हात, कोणाचं शेत आधी, हे दरवर्षी तिथंच ठरायचं. ऊन उतरलेलं, बायका एका कडेला, पुरुष ओट्यावर. बळीराम ऐटीत बसला होता. वेणूचे पेढे त्यानं वाडीभर वाटले होते. परीक्षेत काय झालं ते मात्र बायकोनं आणि पोरीनं त्याच्यापासून लपवलं होतं, भीतीपोटी.

“भगवान,” आजानं विचारलं, “तुझं तीन पुरं हात. बरोबर?”

“दोनच धरा, आजा. पूर्वी नाय. ती फार्मवर जाणार.”

“दोनच धरा,” बायकांतून गोदू उभी राहिली. “पूर्वी नाय. ती शाळंत जाणार.”

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. नवरा बोलल्यावर चार लोकांत बायकोनं असं बोलायचं म्हणजे झालंच! भगवानचे कान लाल झाले. “गोदू, खाली बस. यादीत नाव नाय तिचं.”

“नसू दे. सरकारचं माप सरकारनं लावलं, एक कमी पडला, आमी मान्य केलं. भांडायला गेलो नाय. पण ती माझ्या घरची पोर हाय. माझ्या घरात तिला पुरी का अर्धी धरायचं ते मी ठरवीन.”

“कसली यादी? कसला एक?” आजानं कानाला हात लावला. “नीट सांग.”

गोदूनं सुनंदाकडं पाहिलं. सुनंदानं मान खाली घातली, पण बोलली तीच. उठून उभी राहिली आणि नवऱ्याकडं न बघता तिनं सगळं सांगून टाकलं. वेणूची चुकलेली ओळ, पूर्वीनं टाकलेला पेपर, भिंतीला उभी केलेली पोर. “माझ्या पोरीचं नाव आलं ते हिच्या पोरीच्या जिवावर. मी तोंड झाकून पेढे वाटू दिले,” म्हणाली आणि रडायला लागली.

बळीरामचा चेहरा पडला. पार पडला. बिचाऱ्याला कुठं बघावं कळेना.

“रडू नको सुनंदे,” गोदू म्हणाली. “वेणूचं नाव वेणूनं कमावलंय. उत्तरं तिचीच व्हती. त्यात मला वाटा नको. मला माझ्या पोरीचं पाहिजे.”

दयाराम आजानं तंबाखूची चिमूट परत डबीत टाकली. मग म्हणाला, “भगवान, मागच्याला हात द्यायला आपणच शिकवतो ना रे पोरांना?”

“व्हय.”

“मंग तिनं दिला म्हणून आपणच तिला मागं टाकायचं?”

भगवान ओट्याची कड नखानं खरवडू लागला.

बळीराम उठला. घसा साफ करून म्हणाला, “भगवानदादा, माझा टेम्पो रोज सकाळी भाजी घेऊन पनवेलला जातो. वेणू त्यातनंच जाणार हाय. दोघी बसतील. नाय म्हणू नकोस. नाय म्हणालास तर मला गावात तोंड दाखवायला जागा नाय.”

“आन वह्या-पुस्तकं?” भगवान पुटपुटला.

“त्यासाठी माझी टोपली हाय,” गोदू म्हणाली. “आजवर डोक्यावर काय हवा घेऊन फिरले का मी?”

एक-दोघं हसले. भगवान हसला नाही. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. टोपी सारखी करून तो उठला आणि घरी निघून गेला. रात्री जेवून लगेच आडवा झाला. गोदूनं त्याला छेडलं नाही. आपण चार लोकांत बोललो याचं तिला वाईट वाटत होतं, पण बोललो ते खरं बोललो, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

सकाळी उठून बघते तर भगवाननं लग्नाकार्याला घालायचा सदरा घातलेला. चहा घेतला आणि काही न सांगता बाहेर पडला. फार्महाऊसच्या वाटेनं गेलेला तिनं पाहिला. हा माणूस शब्दाचा पक्का. काय बोलून येईल कोण जाणे!

ती शेताकडं गेलीच नाही. अंगणात सारवण काढून बसली आणि एकच जागा पुन्हा पुन्हा सारवत राहिली. पूर्वी दारात उभी. ऊन चढलं तेव्हा भगवान आला, सदरा घामानं भिजलेला. पायरीवर बसून त्यानं चपला काढल्या.

“भेटला शेट?” गोदूनं हात न थांबवता विचारलं.

“भेटला. स्वतः व्हता. सांगितलं, माझा शब्द मी मोडतोय, माफ करा. पोर येणार नाय, शाळंत जाणार हाय.” त्यानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. “तो म्हणाला, वा, परीक्षेत पास झाली वाटतं?”

“मंग तुमी काय म्हणालात?”

“मी म्हटलं, नाय. एका मार्कानं नापास झाली,” भगवान म्हणाला, “म्हणून तर शिकवतोय.”